पायातल्या दोन पिशव्या

मला थंडी वाजत नाही, असं मी पन्नाशीपर्यंत सगळ्यांना छातीठोकपणे सांगत असे. ते खरंही होतं. थंडीत मी घराबाहेर पडतच नव्हतो. पौषातल्या साताऱ्यात उजाडायच्या आत रस्त्यावर असतात ते दूधवाले, पेपरवाले, भरतीसाठी पळणारी पोरं आणि झोप उडालेले ज्येष्ठ नागरिक. मी यांपैकी कोणीच नव्हतो. मी गोधडीतला माणूस होतो. गोधडीतून बाहेर आलेल्या एका हाताने चहाचा कप घ्यायचा आणि खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत "काय सुंदर थंडी पडलीय!" म्हणायचं, एवढाच माझा आणि हिवाळ्याचा संबंध.

मग डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघितला. नंतर माझं पोट बघितलं. पुन्हा रिपोर्ट बघितला. "चालता का?" म्हणाले. मी म्हटलं, "चालेल." ते म्हणाले, "मी विचारतोय, चालायला जाता का?" चालणं मला फार साधं वाटलं. चालणाऱ्या माणसाला कोण बघतं? मी सायकल घेतली. गिअरची, लाल रंगाची, आणि माझ्या वयाच्या माणसाने तिच्यावर बसलं की मागून कोणीतरी हसलंच पाहिजे अशी.

पहिल्या हिवाळ्यात मी यवतेश्वरचा घाट चढायला निघालो. गावातली सायकलवाली तरुण मंडळी पातळ जॅकेट घालून जायची. मला त्यांची कीव आली. मी आत बनियन, त्यावर थर्मल, त्यावर बायकोने विणलेला स्वेटर, त्यावर जर्किन, गळ्याला मफलर, डोक्याला माकडटोपी आणि माकडटोपीवर हेल्मेट असा सजलो. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसेना. हनुवटी सापडतच नव्हती.

बायको दारात आली आणि मला नीट निरखून म्हणाली, "अहो, परत आलात की बेल वाजवून आपण कोण ते सांगा. मी ओळखणार नाही."

घाट चढताना पहिल्या वळणावर छान ऊब आली. दुसऱ्या वळणावर मी स्वतःला शाबासकी दिली. पुढे पुढे माझ्या आत कोणीतरी बंब पेटवल्यासारखं झालं. घाम कपाळावरून माकडटोपीत, माकडटोपीतून मफलरमध्ये, मफलरमधून स्वेटरमध्ये असा रीतसर पाट काढून वाहू लागला. वर पोहोचलो तेव्हा मी गरम आणि ओला होतो. तरुण मंडळी चहा पीत उभी होती. त्यातला एक म्हणाला, "काका, पोहून आलात का?"

मग उतार. उतारावर पाय मारावे लागत नाहीत, त्यामुळे आतला बंब विझला. पाणी मात्र तसंच राहिलं, आणि त्या पाण्यातून कास पठारावरून आलेला वारा आरपार जाऊ लागला. माझे दात एकमेकांवर आपटत होते. बोटांना ब्रेक दाबायचा निरोप मी मेंदूतून पाठवायचो आणि बोटं तो दुसऱ्या वळणावर वाचायची. घराशी आलो तर बेल दाबायला बोट सरळ होईना. मी कोपराने बेल दाबली आणि ठरल्याप्रमाणे "म-म-म-मी आहे" असं सांगितलं.

बायको भाकऱ्या करत होती. तिने तव्यावरची भाकरी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. खायला नव्हे, धरायला. ती भाकरी छातीशी धरून मी ओट्याला टेकून उभा राहिलो, आणि बोटं सुटल्यावर तीच खाल्ली.

कोणाही शहाण्या माणसाने यावरून निष्कर्ष काढला असता, की कपडे जास्त झाले, घाम आला, घामाने गारठलो. मी निष्कर्ष काढला, की कपडे कमी पडले.

त्यानंतर ऊब हा माझा अभ्यासाचा विषय झाला. छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्र घातलं की वारा लागत नाही, हे मला एका निवृत्त पोस्टमनने सांगितलं. मी रविवारची जाड पुरवणी घालू लागलो. पायमोज्यांवर प्लास्टिकची पिशवी चढवून मग बूट घातले की बोटं गारठत नाहीत, हा शोध माझा स्वतःचा. चालताना कुरकुर आवाज येतो, पण सायकलवर कोण चालतं? हे सगळं मी लोकांना ऐकवत असे. लग्नाकार्यात माझ्या शेजारची खुर्ची लवकर रिकामी होऊ लागली.

त्याच वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं, इस्लामपुरात. व्याही उसाचे बागायतदार, उंच, मिशीवाले आणि बोलण्यात कोणालाही ऐकणार नाहीत असे. वरात निघायच्या आधी मांडवात ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता हळवं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "पाव्हणं, तुमचं सायकलवरचं फोटो लय भारी अस्त्यात. खरंच चालवता, का फोटोपुरती हुबी करता?"

आजूबाजूचे हसले. बायकोने माझ्याकडे बघितलं. मुलीने, नव्या नवरीने, शालूच्या पदराआडून मान हलवून 'नको' अशी खूण केली. ती मला जन्मापासून ओळखते. पण मी आवाज चढवून म्हणालो, "भोगीच्या दिवशी साताऱ्याहून सायकलवर जेवायला येतो. बाजरीच्या भाकऱ्या तयार ठेवा!"

"भाकरीचं सोडा," व्याही म्हणाले, "कराडला गाडी पाठवून ठिवतो. तितनं तुमाला उचलायला लागंल."

इथवर माझी अब्रू पणाला लागली होती, आणि तिला तशी सवय होती. पण ती मुलीची पहिली संक्रांत होती. पहिल्या संक्रांतीला मुलीला काळी साडी नेसवायची, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे, जावयालाही हलव्याचा हार. आता हे दागिने बाजारात तयार मिळतात. विहीणबाई म्हणाल्याही, "कशाला घाट घालता, इथं पेठेत मिळतं सगळं." पण माझ्या बायकोला हलवा करता येतो, आणि ज्याला हलवा करता येतो तो माणूस विकतचे दागिने बघून नुसतं "हं" म्हणतो.

डिसेंबर लागला तशी ती शेगडीवर परात ठेवून बसू लागली. परातीत तीळ, खाली अगदी मंद आच. त्यावर पाकाचा एखादा चमचा सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचा. दिवसेंदिवस हेच. हळूहळू तिळाचा दाणा फुगतो, पांढरा होतो, त्याला बारीक काटे येतात. ते काटे यायला हवा थंड आणि कोरडी लागते. म्हणून ती स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघड्या ठेवायची. मी जाता येता खिडकी लावायचो. ती उघडायची. मी लावायचो.

"अहो, हलव्याला थंडी लागते," ती म्हणायची.

"मला पण लागते!"

"तुमच्या अंगावर दागिने करायचे नाहीत मला."

तिने मला नियम पाठ करून दिले होते. हलव्याला ओला हात चालत नाही, घाम चालत नाही, वाफ चालत नाही. चहाचा कप घेऊन मी परातीपाशी गेलो तर ती मला कपासकट बाहेर काढायची. म्हणजे पुढे जे झालं ते अज्ञानातून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

मग एकेका दाण्याला दोऱ्याचा वेढा घालून तिने दागिने ओवले. बांगड्या, बाजूबंद, कानातले, बिंदी. मुलीसाठी पोटापर्यंत येणारा लांब हार, आणि जावयासाठी दुसरा. सोनेरी कागदाच्या पदकासकट ते दोन हार तिने ओट्यावर मांडले तेव्हा मी खिडकी लावायचं विसरलो.

प्रश्न नेण्याचा होता. बायको भोगीला सकाळच्या एसटीने निघणार होती, सोबत वाणाचं सामान, साडी, तिळाच्या लाडवांचा डबा. सणाची गर्दी. आदल्या वर्षी एसटीत लाडवांच्या डब्यावर एक भरदार बाई बसल्या होत्या आणि कराड येईपर्यंत उठल्या नव्हत्या. छोटे दागिने तिने स्टीलच्या डब्यात घालून पर्समध्ये ठेवले. हार मात्र वाकवता येत नव्हते. ते साडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवे ठेवले होते, आणि ते खोकं गर्दीत कसं सांभाळायचं या काळजीत ती होती.

तेव्हा मी पुढे झालो. "माझ्याकडे दे. सायकलच्या कॅरियरवर स्पंज लावतो. फुलासारखे नेतो."

तिने खोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एका बाजूला ती भरदार बाई, दुसऱ्या बाजूला मी. त्या तोलामोलात मी थोडक्यात जिंकलो. "लेकीची पहिली संक्रांत आहे," एवढंच ती म्हणाली. "ती एकदाच असते."

भोगीला अंधारातच मी निघालो. आत सगळे थर, छातीवर पुरवणी, पायात पिशव्या. कॅरियरवर स्पंज, स्पंजावर खोकं, खोक्याला इलॅस्टिकच्या दोऱ्या. महामार्गावर ट्रक सोडले तर मी एकटाच. रस्ता कृष्णेच्या अंगाने उतरत जातो, तशी थंडी वाढत गेली, पण मला तिचं काही नव्हतं. आत बंब पेटलेला होता. मी गाणंसुद्धा म्हणत होतो. व्याही दारात उभे आहेत, मी ऐटीत उतरतो, त्यांची मिशी खाली येते, असा देखावा डोळ्यांपुढे रंगवत होतो. त्या देखाव्यात मागे कोणीतरी टाळ्याही वाजवत होतं.

उंब्रजच्या पुढे धुकं लागलं. धुकं म्हणजे दिव्यासमोर पांढरी चादर. हेल्मेटवरून थेंब गळायला लागले. मी एका टपरीपाशी थांबलो, कारण खोक्याची आठवण झाली. हात लावून बघतो तर पुठ्ठा मऊ पडलेला. झाकण उचललं. हार अजून कोरडे होते. पण आणखी थोडं गेलो असतो तर गेलेच असते.

टपरीबाहेर शेकोटीभोवती चौघं जण उकिडवे बसले होते. त्यातल्या एकाने मला आपादमस्तक बघितलं.

"आवं, कुठल्या मोहिमेवर?"

"इस्लामपूरला. लेकीकडे."

"सायकलवर? का, यष्टी बंद हाय व्हय?"

"नाही, हौस म्हणून."

"हौस!" तो दुसऱ्याला म्हणाला. "आन् आपल्याला मोटरसायकलीवर जायाचं जिवावर येतंय गड्या."

"चहा घ्या," दुसरा म्हणाला, "पर आदी ते जर्किन काढून शेका की वाईच. आतनं वाफ निघाय लागलीय तुमच्या. इडलीच्या भांड्यावानी."

मी हसलो. वाफ निघतेय हे माझ्या उत्तम बंदोबस्ताचं प्रमाणपत्रच आहे, असं मला वाटलं. आणि मी टपरीच्या बाकावर बसून विचार करू लागलो. हारांना धुक्यापासून वाचवायचं होतं. टपरीवाल्याकडे पिशवी मागितली. तो म्हणाला, "प्लास्टिक बंद हाय साहेब. कागदाची देऊ?" कागद काय कामाचा? आसपास कुठे दुकान उघडं नव्हतं.

प्लास्टिकच्या दोन चांगल्या, मोठ्या, धड पिशव्या त्या वेळी त्या टपरीवर होत्या. त्या माझ्या पायात होत्या.

मी त्यांचा विचार केला नाही असं नाही. मी त्यांचा पुरता विचार केला. बुटाच्या नाडीला हातही लावला. एकीकडे लेकीची पहिली संक्रांत, दुसरीकडे माझ्या पायाची दहा बोटं आणि अजून अर्धा रस्ता. तेवढ्यात घाम गार पडायला लागला, पाठीतून शिरशिरी गेली. मी नाडी परत घट्ट केली. स्वतःला म्हणालो, यापेक्षा चांगली जागा आहे आपल्याकडे. जगात आत्ता सगळ्यात सुरक्षित, धुकं जिथे पोहोचूच शकत नाही अशी जागा म्हणजे माझी छाती.

छातीवरची पुरवणी बाहेर काढली. ती जरा दमट लागली, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. दोन्ही हार तिच्यात आडवे गुंडाळले आणि ते पुडकं थर्मल आणि स्वेटर यांच्या मधोमध ठेवून जर्किनची चेन गळ्यापर्यंत ओढली. बाप लेकीचे दागिने काळजाशी धरून चालला आहे, या कल्पनेने मी छातीवर हात ठेवून डोळे मिटले. शेकोटीवाल्याने विचारलं, "छातीत दुखतंय का?"

कराडच्या पुढे धुकं फाटलं आणि ऊन आलं. छान कोवळं ऊन. उसाच्या फडांवरून वाफा निघत होत्या, कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्या दिसत होत्या. आणि मी शिजत होतो. कपडे उतरवायचे म्हटलं तर हार कुठे ठेवायचे? मऊ पडलेलं खोकं मी टपरीवरच सोडून दिलं होतं. थांबलं तर गारठायला होई, चाललं तर उकडायला होई. म्हणून मी थांबलोच नाही. पेठ नाक्याशी पोटाजवळ काहीतरी चिकट जाणवलं. मी म्हटलं, घाम असेल. ओठांवरून जीभ फिरवली. घाम खारट लागला, आणि माझा जीव भांड्यात पडला. किती मूर्ख माणूस! घाम वरून खाली येतो. पाक खाली होता.

व्याह्यांच्या दारात सगळं घर उभं होतं. मुलगी, जावई, विहीणबाई. बायको एसटीने आधीच पोहोचली होती, तीही. दारातून बाजरीच्या भाकरीचा आणि भोगीच्या भाजीचा वास येत होता. व्याही पायऱ्या उतरून आले. मिशी खाली आली नव्हती, पण जराशी हलली.

"आलं की वो!" ते म्हणाले. "मानलं पाव्हणं तुमाला. टेंपोतनं न्हाई ना आला?"

मी सायकलवरून उतरलो तेव्हा माझे गुडघे सरळ होत नव्हते, पण मी हात उंचावला. मला माझा क्षण हवा होता. बायको मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती रिकाम्या कॅरियरकडे बघत होती.

"हार?" ती म्हणाली.

मी छातीवर थाप मारली. "सुरक्षित!"

त्या थापेचा आवाज बरोबर आला नाही. ओल्या पिठावर मारावी तसा आला.

मग अंगणातच मी एकेक थर उतरवू लागलो. जर्किन काढलं. स्वेटर डोक्यातून काढताना तो पोटाशी अडकला. ओढला तसा चर्र आवाज झाला. पुरवणी माझ्या थर्मलला चिकटून बसली होती. ती सोलावी लागली. आतून जे निघालं ते दोरे होते, दोऱ्यांना लोंबणारे ओले तीळ होते आणि सोनेरी कागदाचं एक पदक होतं. बाकी सगळं पुन्हा पाक झालं होतं. तो माझ्या पोटावरून कमरेच्या पट्ट्याकडे निघाला होता. काही दाणे गोळा होऊन उरले होते, पण त्यांच्यावर पुरवणीची शाई उमटली होती. एका गोळ्यावर हळदीचा बाजारभाव स्पष्ट वाचता येत होता.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बायकोचा महिनाभराचा हिवाळा माझ्या पोटावर होता. मुलगी पदक हातात घेऊन उभी होती. ती "असू दे बाबा" म्हणाली, आणि हे तीन शब्द तिने लहानपणी कधीही एवढ्या हळू म्हटले नव्हते.

विहीणबाईंनी प्रसंग सावरला. "आत या, हातपाय धुवा." मी उंबऱ्याशी बूट काढले. आणि त्या शांततेत आवाज झाला. कुरकुर. कुरकुर.

बायकोने खाली बघितलं. दोन मोठ्या, धड, कोरड्या ठणठणीत प्लास्टिकच्या पिशव्या. एकीवर साडीच्या दुकानातलं कमळ छापलेलं होतं.

"धुक्यामुळे," मी सुरुवात केली.

"बोटं शाबूत आहेत ना?" ती म्हणाली. "झालं तर."

व्याही आधी तोंडावर उपरणं धरून उभे होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते अंगणातल्या बाजेवर बसले. "पिशवीत पाय," ते म्हणाले, "आन् दागिनं घामात! आरारारा!" जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आणि मग मुलगी हसली. ती हसली तेव्हा मला पहिल्यांदा श्वास आला, पण बायको हसली नव्हती.

हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. बायकांना वाटायला म्हणून आणलेला सुटा हलवा बायकोच्या डब्यात होता. तिने तो परातीत ओतून बघितला. "एक हार होईल," ती म्हणाली. "आखूड. लेकीचा." जावयाने लगेच सांगितलं, की त्याला हार नसला तरी चालेल. इतक्या आनंदाने त्याने ते सांगितलं, की हलव्याचा हार घालून फोटो काढायला तो किती घाबरला होता ते सगळ्यांना कळलं.

"ओवायला हात हवेत," बायको म्हणाली. विहीणबाई पुढे झाल्या. बायको म्हणाली, "तुम्ही सणाचं बघा. हे दोघं ओवतील."

दोघं म्हणजे मी आणि व्याही. व्याह्यांनी "मी काय केलं?" असं विचारलं. "कराडला गाडी पाठवणार होतात ती पाठवली नाहीत," विहीणबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

संक्रांतीच्या सकाळी आम्हाला मागच्या पडवीत बसवलं. उन्हात नाही, कारण उन्हात हलवा पाघळतो. चुलीजवळ नाही, कारण वाफ. उत्तरेकडच्या सावलीत, जिथे वारा सरळ येतो, तिथे. स्वेटर चालणार नव्हता, कारण स्वेटर घातला की मला घाम येतो हे आता जगजाहीर झालं होतं. मी बनियनवर बसलो. समोर बायकोने पाण्याची बादली ठेवली. रात्रभर अंगणात राहिलेलं पाणी.

"हात बुडवा. पुसा. मग दाणा उचला," ती म्हणाली. "हात गरम झाला की परत बुडवा."

अख्खा हिवाळा मी हात गरम ठेवण्याचं शास्त्र रचलं होतं. आता हात गार ठेवण्याची परीक्षा होती, आणि परीक्षक डोक्यावर उभी होती. हात बुडवायचा, पुसायचा, दाण्याला दोऱ्याचा वेढा, गाठ. हात बुडवायचा. दात वाजत होते. व्याह्यांचे हात उसाच्या पाचटाला सरावलेले, पण तो तिळाएवढा दाणा त्यांच्या बोटांत सापडेना. "पाव्हणं," ते म्हणाले, "कुठं गेला बगा की, आत्ता हितं हुता."

"तुमच्या मिशीत आहे."

"काडू नका. ऱ्हाऊ द्या. सणाचा हाय."

बायको आमच्या गाठी तपासून बऱ्याचशा उसवत होती. मुलगी मध्येच शाल घेऊन आली आणि माझ्या खांद्यावर टाकायला वाकली. मी शाल हाताने बाजूला केली. त्यात मोठेपणा नव्हता. शालीखाली ऊब येईल, ऊब आली की घाम येईल, आणि बायकोच्या डब्यात दाणे आता मोजकेच उरले होते. मी पुन्हा बादलीत हात घातला. तेव्हा बायकोने शाल मुलीच्या हातून घेतली आणि माझ्या मांडीवर टाकली. "पायांवर चालेल," ती म्हणाली. "तुम्हाला पायांचीच काळजी असते." आणि ती हसली. तोंड फिरवून, पण हसली.

हार गळ्याबरोबर झाला, जेमतेम. काळ्या साडीवर तो पांढरा शुभ्र दिसत होता. आमच्या गाठी मागच्या बाजूला, पदराखाली गेल्या होत्या. संध्याकाळी आलेल्या बायका "हार अगदी नाजूक केलाय हो" म्हणाल्या, आणि माझी बायको चेहरा न हलवता म्हणाली, "हो, तशीच पद्धत आहे आमच्याकडे." मी सायकल एसटीच्या टपावर टाकून साताऱ्याला परतलो. ते थर्मल धुतलं, पुन्हा धुतलं. तारेवर वाळत घातलं की अजून मुंग्या येतात.

यंदा नातवाचं बोरन्हाण आहे. त्या कार्यक्रमात बाळाला हलव्याचे दागिने घालून बसवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओततात. बायकोने पुन्हा शेगडी मांडली, खिडक्या उघडल्या. मी एकही लावली नाही. पातळ जॅकेट घालून, तरुण मंडळींसारखं, निघताना थोडं कुडकुडत आणि पुढे मजेत, मी आता घाट चढतो. काल धीर करून विचारलं, "बाळाचा मुकुट मी नेऊ का? सायकलवर?"

ती दाणे फिरवत राहिली. मला वाटलं, ऐकलं नसेल. मग उठली, कपाटातून दोन प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. एकीवर कमळ होतं.

"एकीत मुकुट," ती म्हणाली, "आणि वरून दुसरी. पायात काही घालायचं असेल तर मोजे घाला."